सहा हजार एकशे बारा किलोमीटर

शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर, रसवंतीला लागून माझं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वेचं आरक्षण, विमानाची तिकिटं, पासपोर्टचे फॉर्म, व्हिसाचे कागद. भिंतीवर जगाचा नकाशा आहे आणि त्यावर मी स्केचपेनने रेघा मारून ठेवल्या आहेत. तापीकाठच्या आमच्या गुजर गावांमध्ये आता घराआड एकजण तरी बाहेरदेशी आहे. मुलाकडे निघालेला म्हातारा दुकानात आला की आधी नकाशासमोर उभा राहतो आणि विचारतो, "भाविकाबेन, किती लांब? किती तास?" मी गणितात बी.एस्सी. केलेलं आहे. अंतरं मला तोंडपाठ आहेत. मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर, साडेनऊ तास. मुंबई ते टोरंटो साडेबारा हजार, पंधरा तास. जाताना समोरून वारा असतो म्हणून सोळा.

माझा थोरला भाऊ योगेंद्र टोरंटोजवळ राहतो. चार वर्षांपूर्वी आमचे वडील, बापू गेले तेव्हा तो येऊ शकला नाही. नवी नोकरी होती, हेतवी लहान होती. अग्नी दिलेला त्याने मोबाईलवर पाहिला. फोन मीच धरला होता. नंतर मी त्याला एवढंच म्हणाले, "पंधरा तासांचा तर प्रवास आहे, भाई." ते वाक्य आमच्या दोघांच्या मध्ये राहून गेलं.

घरात आम्ही गुजरी बोलतो. इथे सगळ्यांचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे. फक्त गोकुळ ड्रायव्हरचं त्याच्या अहिराणीत ठेवलं आहे, कारण त्याचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

या फेब्रुवारीत आई न्हाणीघरात घसरून पडली. उजवा खुबा मोडला. नंदुरबारला एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. भूल उतरल्यावर डोळे न उघडताच तिने विचारलं, "योगा निघाला का?" मी व्हरांड्यात येऊन भाईला फोन लावला. या वेळी मी काही सुनावलं नाही. तोच म्हणाला, "तिकीट काढ. थेट विमानाचं काढ, मध्ये कुठे थांबायला नको."

म्हसावदच्या वत्सलाबाई सहा महिने लेकाकडे टोरंटोला होत्या. त्यांचं परतीचं तिकीटही माझ्याकडेच होतं. अडुसष्ट वर्षांची बाई, इंग्रजीचा गंध नाही. मी दोघांना एकाच विमानात बसवलं, वत्सलाबाई एकोणतिसाव्या रांगेत आणि भाई चौतिसाव्या. त्याला म्हटलं, जरा लक्ष ठेव त्यांच्याकडे.

विमानात चढायच्या आधी त्याने व्हिडिओ कॉल केला. इथे दुपारचे पावणेचार वाजले होते, तिकडे पहाट होती. नुकतीच केलेली गुळगुळीत दाढी, हनुवटीवर ब्लेडची बारीक चीर, निळा स्वेटर. मागे वत्सलाबाई शाल गुंडाळून बसल्या होत्या. आईला दाखवायला म्हणून मी त्या कॉलचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. तो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला विमान मुंबईला उतरलं. पंधरा तास दहा मिनिटं. वेळापत्रकात होतं तेवढंच.

भाईला आणायला गोकुळ गेला होता. गेली पंधरा वर्षं तो मुंबईच्या फेऱ्या करतो. तोंडाला खीळ नसलेला माणूस. दुपारी दोनला त्याचा धुळ्याहून फोन आला, आवाज दबलेला.

"ताई, भाऊ आजारी शेतस का?"

"का रे?"

"तुमी फोटो धाडेल व्हता त्यामा दाढी नही व्हती. आठे ते दाढी शे, कपडा ढिला शेतस. मी दोनदा समोरून गऊ, वळखाले नही उनात."

"जेवला का तो?"

"तीन ताटं जेवनात. वरतून चार पोळ्या बांधी लिध्यात." मग थोडं थांबून तो म्हणाला, "रस्ताभर बोलनात नही. नुसता दगड मोजी ऱ्हायनात."

"कसले दगड?"

"किलोमीटरना. एक दगड मांगे गया का मान हलावतस. घोटीजवळ गाडी थांबाडाले लाई, उतरीसन दगडले हात लाया."

मी त्याला सावकाश ये म्हटलं. लांबच्या प्रवासाने माणूस शिणतो, एवढंच त्या वेळी माझ्या मनात आलं.

पाचच्या सुमाराला भाई दवाखान्यात आला. आई दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट असूनही तो जिन्याने चढून आला. दारात उभा राहिला तेव्हा क्षणभर मीही त्याला परका समजले. निळा स्वेटर तोच होता, पण खांद्यांवरून लोंबत होता. दाढी दोन बोटं वाढलेली. केस कानांवर आलेले. पँटच्या पट्ट्याला मूळ भोकांच्या बऱ्याच आत एक नवं भोक पाडलेलं होतं, वेडंवाकडं, पेनाच्या टोकाने पाडल्यासारखं.

तो आईच्या खाटेजवळ खाली बसला. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, दाढीवर थांबली आणि म्हणाली, "लांबचा प्रवास झाला रे तुझा." तिला त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. भाईने तिच्या तळहातावर कपाळ टेकलं. त्याचे खांदे हलत होते, आवाज मात्र येत नव्हता.

दवाखान्याच्या मागे मिरचीच्या पथाऱ्या आहेत. हंगाम चालू होता. एकरच्या एकर जमीन ओल्या लाल मिरचीने झाकलेली, बायका तोंडाला फडकी बांधून ती उलथत होत्या. वाऱ्याबरोबर ठसका खिडकीपर्यंत येत होता. भाई उठला, खिडकीबाहेर एकदा पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

"उजेड राहू दे की," मी म्हटलं.

"तो लाल आहे," तो म्हणाला.

त्याला मी शहाद्याला माझ्या घरी नेलं. रात्री मोबाईलवरचा स्क्रीनशॉट मी पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. हनुवटीवरची चीर स्पष्ट दिसत होती. माझे मिस्टर भूपेंद्र म्हणाले, कॅमेऱ्यात माणूस वेगळाच दिसतो. मी हो म्हटलं. कॅमेऱ्यात दाढी नाहीशी होत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

सकाळी तो अंघोळीला गेला होता तेव्हा त्याची बॅग आवरताना मला रक्तदाबाच्या गोळ्यांची बाटली सापडली. तिकडच्या औषधवाल्याची चिठ्ठी चिकटवलेली होती. नव्वद गोळ्या, रोज एक, आणि तारीख तो निघाला त्याच्या आदल्या दिवसाची. मी टेबलावर कागद पसरला आणि गोळ्या मोजल्या. सत्तावीस. पुन्हा मोजल्या. मान वर केली तर तो दारात टॉवेल घेऊन उभा होता.

"त्रेसष्ट घेतल्या," तो म्हणाला. "मी त्यांच्यावरच दिवस मोजले."

तो समोर बसला. भाई बँकेच्या संगणकांवर काम करतो, तोलून मापून बोलणारा माणूस आहे. त्या दिवशीही तो तसाच बोलला.

"जेवण झालं, दिवे मंद केले, मी झोपलो. जाग आली तेव्हा समोरच्या पडद्यावर आकडा होता. सहा हजार एकशे बारा किलोमीटर बाकी. सात तास पाच मिनिटं बाकी. पुन्हा झोपलो, उठलो. तोच आकडा."

"पडदा अडकला असेल."

"मलाही तेच वाटलं. पाणी मागायला मागे गेलो. सगळे झोपलेले होते. मुलं, म्हातारे, सगळे. जेवण वाढणाऱ्या मुलीही मागच्या खुर्च्यांवर पट्टा बांधून, माना टाकून. हलवलं तर उठेनात. पुढे जाऊन वैमानिकाच्या दारावर थापा मारल्या. हात सुजला."

"विमान?"

"चाललं होतं. इंजिनाचा आवाज होता. खिडकीबाहेर सूर्य ढगांच्या कडेला टेकलेला. मावळायला आलेला. तो तिथेच राहिला. सगळ्या माणसांच्या तोंडावर तो लाल उजेड."

शेजारच्या बाईच्या नाकाशी त्याने हात धरला होता. श्वास लागला नाही. अंग मात्र कोमट होतं. मग एकदा तो तिच्या मनगटावर बोट ठेवून नुसता बसून राहिला, आणि त्याला कळलं की तिचा श्वास चालू आहे. एक श्वास आत जाऊन बाहेर यायला त्याचं एक जेवण आणि एक झोप होत होती.

"आणि आकडा?"

"दिवसाला एक किलोमीटर कमी व्हायचा. कधी दोन. मी गणित मांडलं, भाविका. मुंबईला पोचायला दहा वर्षं लागणार होती."

बाहेर रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजायला लागले होते. तो त्या आवाजाकडे कान लावून थोडा वेळ थांबला.

तीनशे माणसांचा सकाळचा नाश्ता गाड्यांमध्ये भरलेला होता, तो त्याने गारच खाल्ला. पाणी मोजून प्यायला. रोज दोन्ही रांगांमधून शंभर फेऱ्या मारल्या. आणि त्रेसष्टाव्या गोळीनंतर केव्हातरी, सहा हजार चौदावर, आकडा सरसर पळायला लागला. सूर्य बुडाला. कुणीतरी खोकलं, एक मूल रडलं. शेजारची बाई डोळे चोळत त्याच्याकडे वळली, आणि मग नाकाला रुमाल लावून दुसरीकडे सरकली.

"आईला सांगू नको," तो म्हणाला. "मला वेड लागलं असेल तर तसं सांग."

मी त्याला तसं सांगू शकले असते. पण बाटली टेबलावर होती.

दोन दिवसांनी मी म्हसावदला गेले. वत्सलाबाई ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होत्या. प्रवास कसा झाला, मी विचारलं.

"छान झाला. मी तर झोपूनच होते. तुझा भाऊ दिसला नाही गं नंतर. उतरल्यावर एक दाढीवाला माझी पेटी उचलून देत होता, मी घाबरून पुतण्याला हाक मारली."

"जेवण वगैरे मिळालं?"

"पहिलं मिळालं. सकाळचा नाश्ता आमच्या रांगेपर्यंत आलाच नाही. संपला म्हणे. अख्ख्या विमानात भांडणं चालली होती." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि ओसरीवर कुणी नाही असं बघून आवाज उतरवला. "एक सांगू? मी उठले तेव्हा माझी वेणी घातलेली होती. मी जन्मात वेणी घालत नाही, अंबाडा असतो माझा. तीन पेडांची, लहान पोरींची घालतात तशी. खाली रुमालाची चिंधी बांधलेली."

मी त्यांचं सूप जवळ ओढलं.

"आणि झोपेत सारखं कुणीतरी गुजरीत बोलत होतं. शेतातलं, घरातलं. मध्येच म्हणायचं, म्हसावद आलं की उठवतो, मावशी."

संध्याकाळी मी भाईला वेणीचं विचारलं. तो गॅलरीत येरझाऱ्या घालत होता. थांबला.

"हेतवीची वेणी रोज मी घालतो," तो म्हणाला. "हाताची सवय जाऊ नये म्हणून. आणि त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलता येत होतं."

पंधरा दिवसांची रजा संपली, तो गेला नाही. आणखी पंधरा दिवस गेले. आई वॉकर घेऊन चालायला लागली. भाई मात्र एका जागी बसेना. जेवताना उठायचा, भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा राहायचा, काटा पुढे सरकला की येऊन बसायचा. खोलीचं दार लावू द्यायचा नाही. रात्री त्याच्या खाटेची करकर मला माझ्या खोलीत ऐकू यायची. रोज सकाळी नऊच्या बसने तो शहाद्याहून नंदुरबारला जायचा आणि लगेच दुसऱ्या बसने परत यायचा. प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल किती वाजता आला, हे तो वहीत लिहायचा. कंडक्टर त्याला ओळखायला लागले. बस नेहमी वेळेतच पोचत होती. पंधरा मिनिटं उशीर झाला तरी तो घामाने भिजून दुकानात यायचा आणि माझ्या स्टुलावर बसून राहायचा.

भूमिका भाभीचे मला फोन येत. "त्यांना काय झालंय ते तरी सांगा." अशक्तपणा आहे, मी म्हणायचे. मार्चच्या शेवटी तिने सांगितलं की कंपनीचं शेवटचं पत्र आलं आहे. आणि हेतवी आता वडिलांचा फोन आला की उठून दुसऱ्या खोलीत जाते. आठ वर्षांची पोर. आजोबांच्या वेळी पप्पा गेले नाहीत आणि आता आजीकडून परत येत नाहीत, एवढंच तिला समजत होतं.

त्या दिवशी भाई दुपारभर नकाशासमोर उभा होता.

"जायला पाहिजे," तो म्हणाला.

मी आधीच तयारी केली होती. लांबचा टप्पा नकोच, असा माझा विचार होता. मुंबई ते दुबई तीन तास. दुबई ते लंडन साडेसात. लंडन ते आइसलंड तीन, तिथून टोरंटो सहा. मी पट्टी लावून रेघा मारल्या, प्रत्येक टप्प्याचे किलोमीटर लिहिले. सगळं मिळून तीस-बत्तीस तास, पण मध्ये तीन वेळा जमिनीवर उतरायचं.

भाईने कागद नीट वाचला आणि परत दिला.

"तीन तासांच्या विमानात जेवण किती असतं?"

"एकदाच. किंवा नुसतं सँडविच."

"सोळा तासांच्या?"

मग मला समजलं. मी कागद घडी करून खणात टाकला.

स्टँडवर धडगावची गाडी लागली होती आणि डोंगरातली माणसं गाठोडी घेऊन तिच्याकडे धावत होती. मग मी म्हटलं, "भाई, वत्सलाबाईंना काही कळलं नाही. तुझ्या शेजारणीला काही कळलं नाही. जे झोपले होते त्यांचे पंधरा तासच गेले. मग तूही झोप. आईच्या डॉक्टरांकडून गोळ्या घेऊ. चढल्याबरोबर घे आणि उतरेपर्यंत उठू नको."

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता. मग नुसता "बरं" म्हणाला.

जाण्याच्या आधी चार दिवस आईने स्वयंपाकघर सोडलं नाही. वॉकर ओट्याला टेकवून ती थेपले लाटायची, खाकरे भाजायची. शेंगदाण्याचे लाडू, भाजलेले चणे, सुकी लसणाची चटणी, शेव. स्टीलचे नऊ डबे झाले. मी म्हटलं, "अगं, तो झोपूनच जाणार आहे. एवढं कशाला?"

"वाटेत लागतं," ती म्हणाली.

मी तिला काही सांगितलं नव्हतं. भाईनेही नव्हतं.

विमान संध्याकाळी पाचला होतं. गोकुळची गाडी पहाटे निघाली. मी मागे बसले, भाई पुढे, दाढी केलेला, मापाचे नवे कपडे घातलेला. या वेळी त्याने दगड मोजले नाहीत. मुंबईच्या विमानतळावर त्याने डब्यांची बॅग खांद्याला लावली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काचेच्या दरवाजातून आत गेला. साडेचारला त्याचा मेसेज आला. बसलो. गोळी घेतली. त्यानंतर काही नाही.

रात्री उशिरा घरी पोचूनही दुसऱ्या दिवशी मी सात वाजताच दुकान उघडलं. मोबाईलवर विमानांचा माग दाखवणाऱ्या नकाशात त्याचं पिवळं विमान समुद्र ओलांडून पलीकडे गेलं होतं. मी चहा सांगितला, तो गार झाला. अकराशे किलोमीटर. सातशे. दोनशे. आकडा न थांबता उतरत होता आणि मी त्याच्यावरून नजर काढली नाही.

नऊ वाजून चार मिनिटांनी ते उतरलं. सोळा तास चार मिनिटं.

दहाला भाभीचा फोन आला. "आले," एवढंच ती म्हणाली, आणि मागे हेतवीचा आवाज ऐकू आला. मी विचारलं, "कसा दिसतो?" "कसे म्हणजे? आहेत तसेच. झोपाळलेले." मी फोन ठेवला आणि डोक्यावरून पदर ओढून दुकानातच रडले. रसवंतीवाला काय झालं बघायला आला. मी त्याला म्हटलं, चांगली बातमी आहे.

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाला. आईला मी गावाहून दुकानातच आणलं होतं. भाई सोफ्यावर बसला होता. दाढी एका दिवसाची. हेतवी त्याच्या मांडीवर, त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून. गेल्या दीड महिन्यात मी त्याला असं सैल बसलेलं पाहिलं नव्हतं.

"झोपलो गं," तो म्हणाला. "चढल्यावर डोळे मिटले, उतरताना उघडले."

आईने पदराने डोळे पुसले.

मागून भाभीचा आवाज आला, "आईंना सांगा, डबे सगळे रिकामे केलेत. एक लाडू आमच्यासाठी ठेवला नाही. आणि घासून-पुसूनसुद्धा आणलेत, कधी नव्हे ते."

आई हसली.

भाई हसला नाही. त्याने हेतवीला मांडीवरून उतरवलं, फोन उचलला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन दार लोटलं. स्वतःच्या हाताने दार लावताना मी त्याला महिन्याभरात पहिल्यांदाच पाहिलं. मी फोन घेऊन दुकानाच्या बाहेर आले.

"मी एकही उघडला नव्हता," तो म्हणाला. "बॅग पायाशी होती. चेन लावलेली."

"कुणी चोरून खाल्लं असेल."

"नऊ डबे."

स्टँडवर शेवटच्या गाडीची घोषणा चालली होती.

"पलीकडच्या रांगेत एक कुटुंब होतं," तो म्हणाला. "बडोद्याकडचं. नवरा, बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. चढताना ती माझ्याकडे बघून हसली होती. मी गोळी घेतली तेव्हा ती विचारत होती, अंकल, तुम्ही आजारी आहात का?"

"मग?"

"उतरायची वेळ झाली. सगळे उभे राहिले. ती बसूनच होती. काही बोलत नव्हती. तिची आई खाली वाकून तिला बूट घालत होती आणि चिडत होती. पाय सरळ धर, म्हणत होती."

त्याने फोन खाली घेतला. मला फक्त छत दिसत होतं.

"बाप म्हणाला, अगं, मापाचेच आहेत, परवा दुकानात घालून बघितले होते. आई रेटत होती. पण टाचा बाहेरच राहत होत्या, भाविका. दोन-दोन बोटं बाहेर."